गॅमा-किरण स्फोट: छोट्या उपग्रहानं दिशा काढावी की नुसती वेळ नोंदवावी?

उद्यमबाग: बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या एखाद्या कॉलेजनं क्यूबसॅटवर (दहा सेंमीच्या ठोकळ्यांतून बनणारा छोटा उपग्रह) गॅमा-किरण स्फोट, म्हणजे लांबच्या आकाशगंगांतून येणारी गॅमा किरणांची क्षणिक चमक, टिपायचं मनावर घेतलं, तर माझं मत स्पष्ट आहे: दिशेच्या फंदात पडू नका. गॅमा किरण पडला की चमकणारा सीझियम आयोडाइडचा एक सपाट स्फटिक, ती चमक मोजायला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (अतिसंवेदनशील प्रकाश-चिप) आणि जीपीएसवरून नेमकी वेळ, बस्स. २०२१ चा ग्रबअल्फा हा क्यूबसॅट म्हणजे १० सेंमीचा ठोकळा, आत ७५ × ७५ × ५ मिमीचा एकच स्फटिक. ऑक्टोबर २०२२ चा तो विक्रमी तेजस्वी स्फोट त्यानंही टिपला.

खानापूरकर: दिशाच नाही तर दुर्बीण वळवायची कुठं ओ? नासाच्या बर्स्टक्यूब या क्यूबसॅटमध्ये चार स्फटिक चार बाजूंना कललेले होते. तिरप्या किरणांना कोनाच्या कोसाइनइतकंच क्षेत्र मिळतं. चारांचे आकडे ताडले की दिशा निघते.

उद्यमबाग: निघते, पण केवढ्या चुकीनं? समजा एका स्फटिकात एका सेकंदात पार्श्वभूमीचे ६०० आणि स्फोटाचे ४०० फोटॉन. १००० चं वर्गमूळ ३२, म्हणजे ४०० मागे ८ टक्के. ४५ अंशांवर तेवढ्यानं दिशा साडेचार अंश सरकते. वर वातावरणावरून उलटे फिरलेले आणि बॅटरीतून विखुरलेले फोटॉन वेगळेच. नासाच्या मोठ्या फर्मी उपग्रहावरच्या जीबीएम या स्फोट टिपणाऱ्या उपकरणाला सोडियम आयोडाइडचे १२ डिटेक्टर आहेत, तरी काही अंशांची चूक चिकटलेली. आणि बर्स्टक्यूबचं एक सौर पॅनेल पुरतं उघडलं नाही, त्यानं स्टार ट्रॅकरच्या (तारे पाहून उपग्रहाचं तोंड कुठं ते सांगणारा कॅमेरा) नजरेत अडथळा आणला. उपग्रहाचं तोंड कुठं हेच कळेना, तर कोसाइन घेऊन काय करणार?

चिकोडी_वेध: मग असे तीन-चार उपग्रह वर पाठवा आणि स्फोट प्रत्येकाला कधी दिसला त्या वेळेच्या फरकावरून दिशा काढा की. ६००० किमीला प्रकाशाला २० मिलिसेकंद लागतात. १ मिलिसेकंद चुकलं तर ३ अंश.

खानापूरकर: १ मिलिसेकंद आणणार कुठनं? वरच्याच हिशेबात मिलिसेकंदाला अर्धा फोटॉनसुद्धा पडत नाही. घड्याळ मायक्रोसेकंदाचं असलं म्हणून आलेखाचा चढ दिसत नसतो.

उद्यमबाग: म्हणूनच जोडीदार लांबचा हवा. विंड यानावरचं कोनस हे स्फोट टिपणारं उपकरण सूर्याच्या बाजूला १५ लाख किमीवर आहे, ५ सेकंदांचं अंतर. २० मिलिसेकंद चूक धरली तरी सोयीच्या कोनात आकाशात पाव अंश रुंदीची कडी मिळते. कडीच, ठिपका नव्हे; स्फोट तिच्यावर कुठंही असू शकतो. फर्मी असताना आपला कशाला, असं विचाराल. तर पृथ्वी त्याचं जवळजवळ एक तृतीयांश आकाश झाकते आणि दक्षिण अटलांटिकवरच्या प्रारण पट्ट्यात डिटेक्टर बंद ठेवावे लागतात. त्या फटीत आपला बसतो.

निपाणीकर: यंत्र जगलं तर दिशा. फोटोमल्टिप्लायरचा ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर तो काम करतो) तापमानाच्या दर अंशाला साधारण ५४ मिलिव्होल्ट सरकतो; बायस, म्हणजे त्याला दिलेला व्होल्टेज, तापमानामागं धावला नाही, तर ऊर्जेचं मोजमाप दर फेरीला हलतं. प्रोटॉन लागून डार्क करंट (प्रकाश नसतानाही वाहणारा प्रवाह) वाढतो, टिपता येणाऱ्या ऊर्जेची खालची मर्यादा चढत जाते आणि मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, स्फोट हातचे जातात. ग्रबअल्फात त्यासाठी २.५ मिमी शिशाचा मिश्रधातू आहे. स्फटिक ओल धरतो, खानापूरच्या जुलैत तर उघडूच नका. पृष्ठभाग धुरकटला की चाचणीसाठी वापरायच्या अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी स्रोताचं ५९.५ केईव्ही (ऊर्जेचं एकक) वरचं शिखर पसरट होतं. स्फटिकावर प्रकाश अडवायला गुंडाळलेल्या काळ्या टेडलर फिल्मला टाचणीएवढं भोक राहिलं, तर उन्हाच्या बाजूला आकडे उसळतात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारून बघा, मोजणी तसूभरही हलता कामा नये.

खानापूरकर: हे सगळं मान्य. पण सेकंदाला ९६०० बिटच्या रेडिओवर तुमची कडी जमिनीवर पोचेपर्यंत स्फोटाची मागची चमक विझत आलेली असेल. आधी इशारा कुठल्या वाटेनं खाली येणार ते ठरवा. आणि स्फटिक एक नको, दोन लावा, कललेले. एकाचा बायस गेला तर निदान दुसरा चालू राहील.

उद्यमबाग: दोन चालतील. स्टार ट्रॅकरचा खर्च मात्र मी मंजूर करणार नाही.