मगरीचे पन्नास, आपले दोन : दात बदलण्याची क्षमता आपण गमावली की विकली?

रायबंदरकर : कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी तोंड उघडून पहुडलेली मगर पाहून परवा एक मित्र म्हणाला की, उत्क्रांतीने माणसाला फसवले. मगरीच्या झिजलेल्या दाताच्या पोकळ मुळाशी दुसरा दात वाढतच असतो आणि एकेका जागी आयुष्यभरात सुमारे 50 दात येऊ शकतात. आपल्याला 20 दुधाचे, मग 32, आणि तेथेच खाते बंद. मला ही फसवणूक वाटत नाही. वरखालचे दात एकमेकांत नेमके बसून अन्न दळायचे असेल, तर ते जागेवर टिकावेच लागतात. शिवाय सस्तन प्राण्यांचे पिल्लू आधी दुधावर वाढत असल्यामुळे दात उशिरा आले तरी चालते आणि तोवर जबडाही बराच मोठा झालेला असतो. सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीच्या, चिचुंद्रीएवढ्या मॉर्गन्युकोडॉन या सस्तनांच्या आद्य नातलगामध्ये दोनच संचांची ही व्यवस्था दिसते. हा सौदा फायद्याचाच झाला.

झुवारीकाठ : ‘सौदा’ हा शब्द खटकतो. हॅड्रोसॉर या बदकचोच्या डायनासोरांच्या जबड्यात शेकडो दात थरावर थर रचलेले असत. वरचे झिजत, खालचे सरकत, आणि तरीही वनस्पती उत्तम दळल्या जात. उलट सिकेरीच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या डॉल्फिनचे साधे, टोकदार दात मासा पकडण्यापुरते आहेत. तेथे दळणच उरले नाही, तरी आयुष्यभर एकच संच. हिशेब फायद्यातोट्याचा असता, तर हा व्यवहार उलटला असता.

रायबंदरकर : हॅड्रोसॉरांपुढे माझे ‘टिकावेच लागतात’ हे विधान मागे घेतो. मात्र त्यांचे दात एकत्र मिळून एकच सलग जाते बनत. आपल्या दाढेचा उंचवटा समोरच्या दाढेच्या ठरावीक खळग्यात बसतो, तशी जोडी त्यांत नव्हती. डॉल्फिनचे म्हणाल, तर दात घडवणारा ऊतींचा पट्टा अ‍ॅलिगेटर या मगरीच्या भाईबंदामध्ये आयुष्यभर टिकतो आणि त्यातील मूलपेशी पुढचा दात घडवतात, हे 2013 मध्ये दाखवले गेले. सस्तन प्राण्यांत तो पट्टा विरून जातो. विरलेले परत आणणे उत्क्रांतीलाही सोपे नसावे.

केपेकर : दूध एवढे निर्णायक असेल, तर कुंपणावरच्या सरड्याचे काय? त्याने दूध कधी चाखले नाही. तरी पुढचे मोजके दात सोडले, तर बाकीचे जबड्याच्या हाडालाच चिकटलेले असतात, बदलत नाहीत आणि जबडा वाढेल तसे मागच्या टोकाला नवे जोडले जातात. भिंतीवरच्या पालीचे दात मात्र बदलतच राहतात. आणि ‘दोन संच’ हेही सैल बोलणे झाले, कारण आपल्या मागच्या दाढांच्या जागी दुधाचे दात कधी नसतातच.

झुवारीकाठ : म्हणजे सरड्याची आणि आपल्या दाढांची युक्ती एकच ठरते : बदलण्याऐवजी मागे भर घालणे. हत्तीने ती टोकाला नेली. त्याच्या प्रत्येक अर्ध्या जबड्यात सहा दाढा एकामागून एक पुढे सरकतात आणि सहावी झिजली की चावणे संपते. सातवी न येण्यात हत्तीचा फायदा कोणता, हे रायबंदरकरांनी सांगावे.