अनुभव धागा : लालिबेला, कातळातली चर्च आणि आपली धावती भेट

मुंबईहून आदिस अबाबाला थेट विमान असल्यामुळे आफ्रिकेत जाता-येता तिथे थांबा पडणारे मराठी लोक हल्ली बरेच भेटतात. त्यातले काही वाट वाकडी करून लालिबेला गाठतात. उत्तर इथिओपियात, अडीच हजार मीटरच्या आसपास उंचीवर, कातळात कोरलेली ११ चर्च. १९७८ पासून जागतिक वारसा. गेला असाल तर लिहा. माहितीपत्रक नको, पाहिलेलं लिहा.

रानवाटा

सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं ते बेते गिओर्गिस, म्हणजे संत जॉर्जचं चर्च (बेते म्हणजे घर). माळावरून चालत जातो आणि समोर एकदम मोठा चौकोनी खड्डा येतो. बाराएक मीटर खोल, आत अधिकच्या चिन्हासारखं चर्च, त्याचं छत आपल्या पायांच्या पातळीला. छतावर एकात एक कोरलेले क्रूस. वेरूळचं कैलास आठवतंच, तेही असंच वरून खाली कोरत नेलेलं. पण कैलासावर शिल्पांची दाटी आहे, इथे भिंती जवळजवळ कोऱ्या. मला तो कोरेपणाच जास्त भावला (वेरूळवाल्यांनी मारू नये).

खाली उतरायची वाट अरुंद चरातून जाते. चर्चभोवतीच्या कातळभिंतीत कोनाडे आहेत, त्यातल्या एकात जुन्या यात्रेकरूंचे वाळून गेलेले पाय दिसतात. कातडी अजून हाडांना चिकटलेली. गाइडने ते, बाजारात भाजी दाखवावी इतक्या सहज दाखवले आणि पुढे निघाला.

घाटमाथा

रानवाटा, +१. एक राहिलं : पिसवा! प्रत्येक चर्चबाहेर बूट काढायचे, आत जुने गालिचे, आणि त्यात ही मंडळी. मोजे घाला, पॅन्ट मोज्यात खोचा. मी पायाला मलम लावत आदिसला परतलो.

भरतीओहोटी

अकराच्या अकरा चर्च एका दिवसात उरकायची घाई करू नका. त्यापेक्षा पहाटे उठून एखाद्या चर्चमध्ये जाऊन बसा. बेते मरियमच्या अंगणात आम्ही गेलो तेव्हा अंधारच होता. पांढऱ्या नेतेला (पातळ सुती शाली) पांघरलेल्या बायका भिंतीला कपाळ टेकून उभ्या, आत गीझ या जुन्या धर्मभाषेत पठण. ते तासन्‌तास चालतं आणि सगळं उभ्यानेच, म्हणून पाद्री काखेत वरून आडवी मूठ असलेली काठी घेऊन तिच्यावर रेलतात. मग मोठा ढोल सुरू झाला आणि त्याला धातूच्या खुळखुळ्यांची साथ. आमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, ते फार बरं वाटलं.

बेते गोलगोथात मात्र बायकांना प्रवेश नाही. नवरा आत जाऊन आला आणि वर मला वर्णन ऐकवत बसला. संताप झाला, लपवणार नाही.

जुनं खोड

थोडा इतिहास. ११८७ मध्ये सलाउद्दीनने जेरुसलेम घेतलं, म्हणून लालिबेला राजाने इथेच नवं जेरुसलेम उभारलं, अशी परंपरा. त्यामुळेच इथल्या चराला यॉर्दानोस, म्हणजे जॉर्डन, नाव आहे. दिवसा माणसं कोरायची आणि रात्री देवदूत, हेही ऐकवतात. एका राजाच्या हयातीत सगळं झालं हे मात्र सर्वांना मान्य नाही. डेव्हिड फिलिपसन या पुरातत्त्वज्ञाच्या मते बेते मर्कोरिओससारखे भाग कित्येक शतकं आधीचे.

आणि आपल्याशी जोडणारा दुवा : फ्रान्सिस्को आल्वारेस हा पोर्तुगीज पाद्री १५२० साली इथिओपियात उतरला तो हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज गव्हर्नरच्या आरमाराबरोबर. ही चर्च पाहून त्याने लिहिलं की आणखी लिहायचा कंटाळा येतो, कारण लोक विश्वास ठेवणार नाहीत. वरचे प्रतिसाद वाचून तोही हसला असता.

टॅक्सीमीटर

काही चर्चवर पावसापासून बचावासाठी प्रचंड मांडव उभारलेत. बेते मेधाने आलेमचा फोटो त्यामुळे पार बिघडतो. पण दगड ज्वालामुखीचा, मऊ. पाणी मुरून तो झिजतो. गिओर्गिसवर मांडव नाही, नशीब.

शाकाहारींनी बिनधास्त जावं. बुधवार-शुक्रवार त्यांचा उपास, म्हणजे दूध-तूपसुद्धा नाही. इंजेरावर (आंबवलेल्या पिठाचं मोठं धिरडं) शिरो मागा, आपल्या पिठल्याचा चुलतभाऊ. गाडीवाल्याशी वेळ ठरवताना मात्र विचारून घ्या : त्यांचं घड्याळ सकाळी सहापासून मोजतं, त्यांचे दोन म्हणजे आपले आठ.

भरतीओहोटी

@टॅक्सीमीटर, आत्ता जाणं सुरक्षित आहे का? ७ जानेवारीच्या गेन्नाला, त्यांच्या नाताळाला, परत जायचंय.

टॅक्सीमीटर

२०२१ मध्ये गाव युद्धात सापडलं होतं, २०२३ पासून अम्हारा भागात, म्हणजे लालिबेला ज्यात येतं तिथेच, पुन्हा लढाई. दूतावासाची सूचना पाहूनच तिकीट काढा. गेन्नाला गर्दी अफाट असते, खोली आधी मिळवा.