वडोदरा: दांडिया बाजारातल्या घराच्या जुन्या दस्तावेजाची नक्कल कुठून काढायची?

रावपुरा_पुणे

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारात आजोबांच्या नावावर जुनं दुमजली घर आहे. आजोबा १९९१ साली गेले, पण घर अजून त्यांच्याच नावावर आहे. मूळ दस्तावेज २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात भिजून पार लगदा झाला. हातात आहे ते महापालिकेचं वेरा (घरपट्टी) बिल आणि दस्तावेजाच्या पहिल्या पानाची अंधुक झेरॉक्स. तिच्यावर १९६८ साल आणि "९२ चोरस वार" एवढं वाचता येतं, दस्त क्रमांक नाही. ऑनलाइन सात-बारा शोधला, काहीच निघत नाही. सही-शिक्क्याची नक्कल कुठे मिळेल? आधी कोणत्या कचेरीत जायचं? वारस म्हणजे वडील आणि दोन आत्या, सगळे हयात आहेत आणि एकमतात आहेत. मी पुण्यात असतो, त्यामुळे कमीत कमी खेपांत काम व्हावं अशी इच्छा आहे.

सिटीसर्व्हे_वाचक

सात-बारा निघणार नाही, कारण तो शेतजमिनीचा कागद. गावठाण आणि जुन्या शहरात सिटी सर्व्हे (नगर भूमापन) झालेला आहे, तिथे प्रॉपर्टी कार्ड असतं. गुजरात सरकारच्या एनीआरओआर (AnyROR) या जमीन-नोंदींच्या पोर्टलवर ग्रामीण आणि शहरी असे दोन वेगळे रस्ते आहेत. तुम्ही बहुधा ग्रामीण रस्त्याने शिरलात. शहरी बाजूला जिल्हा, सिटी सर्व्हे कचेरी, वॉर्ड आणि सर्व्हे नंबर विचारतात.

आता मुख्य अडचण नंबराची. या सगळ्या कचेऱ्यांत नावावरून कागद शोधणं फार कठीण, नंबरावरून पाच मिनिटांचं काम. म्हणून आधी नंबर. वडोदऱ्याच्या जुन्या भागात तो तीन तुकड्यांत असतो: विभाग, टीका (सर्व्हेच्या नकाशाचा एक भाग) नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर. तिन्ही लागतात. नुसता सिटी सर्व्हे नंबर सांगितलात, तर तोच आकडा दुसऱ्या टीकेतही असू शकतो. वेरा बिलावरचा नंबर हा महापालिकेच्या आकारणीचा असतो, त्याचा सिटी सर्व्हेशी काही संबंध नाही. लोक तोच घेऊन खिडकीवर जातात आणि हात हलवत परत येतात.

सोपा उपाय: भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांना त्यांचं प्रॉपर्टी कार्ड दाखवायला सांगा. त्यांचा नंबर हाती आला, की टीकेच्या नकाशात त्यांच्या शेजारचा तुकडा तुमचा. शेजारी नसतील तर पोर्टलवर मालकाच्या नावावरून सर्व्हे नंबर शोधायची सोय आहे, ती वापरा. नाव मात्र गुजराती लिपीत टाकावं लागतं. मराठी नावांची तिथे काय गत होते, ते खाली लिहितो.

कार्ड मिळालं की वरचा भाग आधी वाचा: क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आणि सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरलेली आहे ते. जमीन सरकारी भाडेपट्ट्याची असेल तर ते तिथेच कळतं, आणि मग विक्रीला वेगळी परवानगी लागू शकते. खालच्या तक्त्यात तारीख, व्यवहाराचा प्रकार, नोंध (फेरफार नोंद) क्रमांक, नवीन धारकाचं नाव आणि अधिकाऱ्याची सही असते. १९६८ च्या सुमाराची ओळ शोधा. खरेदीने नाव चढलं असेल तर त्या नोंधीत बहुतेक वेळा दस्त क्रमांक आणि तारीख दिलेली असते. तुम्हाला हवा असलेला आकडा तोच. कार्डावर नसेल तर त्या नोंधीची नक्कल वेगळा अर्ज करून मागा.

पोर्टलवरचं पान फक्त माहितीसाठी. बँक किंवा कोर्टासाठी सिटी सर्व्हे सुपरिंटेंडंटच्या कचेरीतून सही-शिक्क्याची नक्कल काढा.

मराठी नावांबद्दल. गुजराती कारकून सवयीने नावामागे "भाई" किंवा "बेन" जोडतात. विनायकराव हे विनायकभाई होतात, ताराबाई ताराबेन होतात. कुलकर्णी, कुळकर्णी आणि "कुलकरणी" तिन्ही रूपं सापडतात. घरचं नाव (भाऊसाहेब, अण्णा) एका कागदावर आणि पाळण्यातलं दुसऱ्यावर, असंही होतं. म्हणून शोधताना आडनाव सोडून फक्त वडिलांचं नाव, मग फक्त स्वतःचं नाव, असं दोन-चार पद्धतींनी करा. नाव वेगळं निघालं तर घाबरू नका, पण तशीच पुढची कामं करू नका. ती व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि नाव दुरुस्तीचा अर्ज आधी द्या. विक्रीच्या दिवशी ही चूक उघड झाली तर सगळं अडतं.

इंडेक्स_दोन

वरच्या उत्तराला जोडून दस्ताबद्दल.

नोंदणी कायदा १९०८ प्रमाणे खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं पुस्तक क्रमांक १ मध्ये उतरतात. त्याचे दोन निर्देशांक: इंडेक्स-१ माणसांच्या नावांचा, इंडेक्स-२ मिळकतीचा. कलम ५७ प्रमाणे पुस्तक १ आणि त्याचे इंडेक्स फी भरून कोणालाही पाहता येतात आणि नक्कलही मिळते. तुम्ही वारस आहात हे सिद्ध करायची गरज नाही. कोणी "मालकालाच देतो" म्हणालं तर कलमाचा नंबर नम्रपणे सांगा. मृत्युपत्रांचं (पुस्तक ३) तसं नाही: करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, त्याच्या मृत्यूनंतर मागेल त्याला. आजोबांनी मृत्युपत्र नोंदवलं होतं का, हे या निमित्ताने जरूर तपासा.

संगणकीकरणानंतरच्या दस्तांचं इंडेक्स-२ गुजरातच्या दस्त नोंदणीच्या "गरवी" पोर्टलवर शोधता येतं. १९६८ चं हातानं लिहिलेलं, म्हणजे सब-रजिस्ट्रार कचेरीत शोध अर्ज आणि वर्षागणिक शोध फी. साल पक्कं माहीत असेल तरी एक वर्ष पुढचंही शोधायला सांगा. दस्त डिसेंबरात लिहून जानेवारीत नोंदला गेला, असं बरेचदा असतं, कारण सही झाल्यापासून हजर करायला चार महिन्यांची मुदत आहे.

कोणती कचेरी? इथे खेपा वाया जातात. वडोदऱ्यात आता अकोटा, गोरवा अशा वेगवेगळ्या सब-रजिस्ट्रार कचेऱ्या आहेत. हद्दी वाटल्या गेल्या त्या नंतर. तुमचा दस्त त्या काळी ज्या कचेरीकडे शहर होतं तिच्या दप्तरात असेल, आज दांडिया बाजार जिच्याकडे आहे तिच्याकडे असेलच असं नाही. आधी फोनवर विचारा: "१९६८ ची पुस्तकं कुठे आहेत?"

नक्कल हाती आल्यावर तिथेच उभं राहून चतुःसीमा वाचा, पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण कोण आहे ते. शेवटच्या पानावर पुस्तक, भाग, पान आणि दस्त क्रमांक आहेत का पाहा. पान फाटलेलं किंवा अक्षर गेलेलं म्हणून नक्कल देता येत नाही असं म्हटलं, तर तसं लेखी घ्या. मूळ दस्त नष्ट झालाय आणि नक्कलही मिळत नाही, हे पुढे वकिलाला दाखवायला तोच एक कागद उरतो.

पुढे घर विकायचं झालं तर खरेदीदाराचा वकील ३० वर्षांच्या नोंदींचा शोध मागेल. गहाण सोडवायच्या दाव्याची मुदत ३० वर्षं आहे, त्यावरून ही पद्धत आली. पण फक्त कागद बँकेत ठेवून घेतलेलं कर्ज इंडेक्समध्ये दिसेलच असं नाही. त्यासाठी प्रॉपर्टी कार्डावरचा बोजा आणि केंद्र सरकारच्या सेरसाई (CERSAI) या तारण कर्जांच्या नोंदवहीतला शोध, दोन्ही पाहा.

वारसाई_मदत

नक्कल निघाल्यावर वारसाई नोंध. मृत्यू दाखला, पेढीनामा (वंशावळ), सगळ्या वारसांचे ओळखीचे कागद आणि अर्ज. पेढीनाम्यात दोन्ही आत्या लिहा, त्यांनी हक्क सोडायचं ठरवलं असलं तरी. आजोबांची स्वकष्टार्जित मिळकत असेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुली मुलांच्याच बरोबरीच्या वारस, त्यासाठी २००५ च्या दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही. आजी आजोबांच्या नंतर गेली असेल तर तिचाही मृत्यू दाखला जोडा, कारण तीही वारस होती.

आत्यांना हक्क सोडायचा असेल तर साध्या संमतीपत्रावर भागवू नका. स्थावर मिळकतीचा हक्क सोडण्याचं लेख नोंदवलंच पाहिजे. आधी तिघांची नावं चढू द्या, मग नोंदणीकृत हक्कसोड करा. एकदम एकच नाव चढवायचा अर्ज केला की जमीन महसूल कायद्याच्या कलम १३५-ड प्रमाणे निघणाऱ्या नोटिशीत कोणाच्या तरी नावाचा प्रश्न निघतो आणि नोंध नामंजूर होऊन पडते. नोटिशीनंतर हरकतीला ३० दिवस असतात, त्यामुळे एका आठवड्याच्या रजेत हे होणार नाही, तसं नियोजन करा.

रावपुरा_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. शेजारच्या काकांच्या कार्डावरून आमचा टीका नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर सापडला. नोंधीत दस्त क्रमांकही आहे. पण कार्डावर क्षेत्र ७१.४ चौरस मीटर आहे. ९२ वार म्हणजे जास्त व्हायला हवं ना?

सिटीसर्व्हे_वाचक

हो. एक चोरस वार (चौरस यार्ड) म्हणजे ०.८३६१ चौरस मीटर. ९२ वार म्हणजे सुमारे ७६.९. फरक साडेपाच चौरस मीटरचा, म्हणजे साठेक चौरस फुटांचा. जुन्या शहरात याची दोन कारणं वारंवार निघतात. एक, दस्तात पुढची ओटी किंवा सामाईक भिंत पूर्ण धरलेली असते, सिटी सर्व्हेच्या मोजणीत निम्मी. दुसरं, रस्त्याच्या रुंदीत थोडी जागा गेलेली असते.

सिटी सर्व्हे कचेरीत चौकशी नोंदवहीचा उतारा, मोजणीचा नकाशा आणि सनदेची (धारकाला मिळालेल्या सरकारी दाखल्याची) नक्कल मागा. नकाशात चारही बाजूंची मापं असतात. ती घरी टेपने ताडून पाहा आणि कोणती बाजू कमी भरते ते ठरवा. पुढची बाजू कमी असेल तर रस्ता, कडेची कमी असेल तर भिंत. कडेची असेल तर शेजारच्या काकांच्या कार्डाचं क्षेत्र त्यांच्या दस्ताशी जुळतं का तेही विचारा. त्यांचं तेवढंच जास्त भरत असेल तर तुमचा तुकडा तिकडे मोजला गेलाय, आणि दुरुस्तीचा अर्ज दोघांच्या सहीने द्यावा लागेल. विक्रीचा करार ७१.४ वरच करा, ९२ वार लिहू नका.

अर्ज देताना पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराखाली त्या अर्जाची स्थिती विचारा: गुजरातमध्ये फी २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. नक्कलच माहिती अधिकारात मागू नका, तिच्यासाठी वेगळी पद्धत आहे म्हणून अर्ज परत येऊ शकतो.