मदत हवी आहे: मोटरहोमने नलारबॉर, एकटीने (पर्थ ते अ‍ॅडलेड)

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये पर्थहून अ‍ॅडलेडला मुक्काम हलवते आहे. सामान ट्रकने जाईल. मी दोन माणसांची छोटी डिझेल मोटरहोम भाड्याने घेऊन नलारबॉरच्या ओसाड पठारावरून, आयर हायवेने जाणार, एकूण साधारण २७०० किमी. नॉर्समन ते सेडुना या मधल्या १२०० किमीबद्दल विचारायचंय. एकटीच जायचं हे नक्की आहे, त्यामुळे "कोणाला तरी सोबत घे" हा सल्ला कृपया नको. तो सांगलीहून रोज फोनवर मिळतो.

मुंबई-गोवा रस्त्यावर पावसाळ्यात गाडी हाकलेल्या माणसाला खड्ड्यांचं भय नसतं. इथे प्रकरण उलटं आहे. बॅलडोनिया ते कायगुनाच्या टप्प्यात १४६.६ किमी सरळसोट, एकही वळण नाही. डोळा लागू नये म्हणून लोक काय करतात?

दुसरं, डिझेल. जादा कॅन न्यावा का? भाड्याच्या गाडीत तो ठेवायचा तरी कुठे?

तिसरं, मुक्काम. रस्त्यालगतच्या २४ तासांच्या रेस्ट एरियात एकट्या बाईने झोपावं, की रोडहाउसच (पंप, खाणं आणि मुक्काम एकत्र असलेलं ठिकाण) गाठावं?

चौथं, समुद्रकिनाऱ्यावरच्या हेड ऑफ बाइटला देवमासे बघायला एक अख्खा दिवस थांबायचं आहे. गाडी उभी राहिली तर दुसऱ्या बॅटरीवर फ्रिज किती तग धरेल? टपावर सोलर नाहीये.

आणि सेडुनाच्या नाक्यावर भाज्या काढून घेतात म्हणे. मेथी, मिरच्या, लिंबं, सगळंच?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ आभार.

दगडधोंडे

दोन्ही दिशांनी केलंय, सुचेल तसं लिहितो.

डिझेलचा कॅन अजिबात नको. पंपांमधलं सगळ्यात मोठं अंतर १९० किमीच्या आसपास आहे: नॉर्समन-बॅलडोनिया, बॅलडोनिया-कायगुना आणि बॉर्डर व्हिलेज-नलारबॉर रोडहाउस. अर्धी टाकी झाली की भरायची, भाव बघून पुढच्या पंपावर ढकलायचं नाही. भाव सगळीकडेच डोळे पांढरे करणारा आहे. खरी काळजी पाण्याची करा. टाकी नॉर्समनला काठोकाठ भरा, मध्ये गोडं पाणी मिळेल हे गृहीत धरू नका.

अंधारात चालवू नका. कांगारू, उंट, वॉम्बॅट, सगळे संध्याकाळी रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या करारात बहुतेक रात्री गाडी चालवायला मनाई असते, वाचून घ्या. यात घड्याळाची गंमत आहे. कायगुनापासून पुढे रोडहाउसवाले पर्थच्या पाऊण तास पुढची वेळ पाळतात, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरलात की पर्थपेक्षा दीड तास पुढे. पर्थच्या वेळेने "साडेचार तर वाजलेत" म्हणाल तेव्हा पुढच्या रोडहाउसचं किचन बंद व्हायला आलेलं असतं.

रोड ट्रेन (मागे एकाहून जास्त ट्रेलर जोडलेला ट्रक): समोरून छत्तीस मीटरचं धूड गेलं की आधी हवेचा धक्का बसतो आणि लगेच गाडी त्याच्याकडे ओढली जाते. उंच मोटरहोमला हे जास्तच जाणवतं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, पण झटका देऊ नका. मागून आली तर वेग स्थिर ठेवून आपल्या लेनमध्येच राहा, खडीवर उतरू नका. यूएचएफ रेडिओ मिळाला तर चॅनल ४० लावा, ट्रकवाले त्यावर बोलतात. त्यांच्या गप्पा ऐकताना झोप आपोआप उडते. :)

कोकमसार

मेथीचं मी सांगते. पूर्वेकडे जाताना तपासणी थेट सेडुनाला, म्हणजे राज्याची बॉर्डर पार करून साडेचारशेहून जास्त किमी पुढे. तिथे ताजी फळं-भाज्या चालत नाहीत, फळमाशीमुळे. शिजवलेलं चालतं. पर्थलाच मेथीची भाजी परतून डबे फ्रीझ करा, लिंबं वाटेत सरबतात संपवा.

मुक्कामाबद्दल: रेस्ट एरियात मी राहिले आहे, एकटीच. आधीच दोन-तीन कॅरॅव्हॅन उभ्या असतील तिथे थांबायचं, उजेड असताना पोचायचं, आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे करून लावायची. मन साशंक झालं तर पुढे जायला दिवस हातात हवा. हेड ऑफ बाइटसाठी मात्र नलारबॉर रोडहाउसला विजेची जागा आधीच सांगून ठेवा, तिथून तो फाटा जवळ आहे. फ्रिजचा प्रश्नही मिटेल, आणि सप्टेंबरात माद्या पिल्लांसह असतात, दिवस सार्थकी लागेल.

पाऊसवेडी

दोघांचेही मनापासून आभार. कॅन रद्द, मेथी परतणार. एकच राहिलं: फोनवर सॅटेलाइट एसओएस आहे, तरी पीएलबी (संकटात आपलं ठिकाण उपग्रहाद्वारे कळवणारं छोटं यंत्र) भाड्याने घ्यावा का?

दगडधोंडे

घ्या. फोनची बॅटरी गाण्यांत संपते. आणि पीएलबी गाडीत नको, अंगावर असू द्या. समुद्राकाठच्या कड्यांवर फिरायला जाल तेव्हा गाडी मागेच राहील.