रीडफाइल ६ देतं, पण क्रिएटफाइल तर फेल होत नाही?

प्रश्न:
विंडोजवर सी++ची सर्व्हिस आहे. दुसऱ्या प्रोग्रॅमची चालू लॉग फाइल क्रिएटफाइलने उघडून वाचायची आहे. ओपन_एक्झिस्टिंग (फाइल आधीपासून असेल तरच उघड), शेअर मोड ०. हँडल (उघडलेल्या फाइलसाठी विंडोजने दिलेली खूण) नल, म्हणजे रिकामं, नाही ना, हे तपासतो. तिथे काही अडकत नाही. पण रीडफाइल फेल होतं आणि गेटलास्टएरर (शेवटच्या एररचा कोड सांगणारं फंक्शन) ६ देतं. फाइल जागेवर आहे, परवानग्याही ठीक. काय तपासू?

प्रतिसाद १:
६ म्हणजे हँडलच चुकीचं. क्रिएटफाइल फेल झालं की नल नाही, इन्व्हॅलिड_हँडल_व्हॅल्यू देतं, म्हणजे उणे १. तुमची तपासणी ते सोडून देते आणि खरा एरर मागेच राहतो. क्रिएटम्युटेक्स, ओपनप्रोसेस ही फंक्शनं मात्र नल देतात. त्यामुळे प्रत्येक फंक्शनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये रिटर्न व्हॅल्यू वाचूनच तपासणी लिहा.

प्रश्नकर्ता:
बदललं. आता १८३ येतो, 'फाइल आधीच आहे'. ओपन_एक्झिस्टिंगला हा कसा? अपयश कळलं की आधी आमच्या लॉगमध्ये एक ओळ लिहितो, मग गेटलास्टएरर.

प्रतिसाद २:
मग हा १८३ तुमच्या लॉगचाच. ते फंक्शन दर वेळी फाइल ओपन_ऑल्वेजने (असेल तर उघड, नसेल तर बनव) उघडत असणार. फाइल आधीपासून असली तर तो कॉल यशस्वी होऊनही १८३ ठेवतो, नवी बनवली तर ०.

प्रत्येक थ्रेडला (प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाला) शेवटच्या एररसाठी एकच जागा असते; पुढचा कुठलाही कॉल तिथे लिहू शकतो. उलट यशस्वी कॉल ती शून्य करेलच असंही नाही, म्हणून आधी रिटर्न व्हॅल्यू, मगच कोड. अपयश कळलं की लगेच पुढच्या ओळीत कोड डीवर्डमध्ये (३२ बिटांच्या पूर्णांकात) घ्या. लॉग, क्लोजहँडल सगळं त्यानंतर. सी++मध्ये ब्लॉक संपताना चालणारे डिस्ट्रक्टरही (ऑब्जेक्ट नष्ट होताना आपोआप चालणारी फंक्शनं) विसरू नका, तेही कोड पुसू शकतात.

प्रतिसाद १:
खरा कोड बहुधा ३२ निघेल, शेअरिंग व्हायोलेशन. समोरच्याने फाइल लिहायला उघडलेली आहे आणि तुम्ही शेअर मोड ० देऊन 'दुसरं कुणी नको' म्हणताय. फाइल_शेअर_रीडसोबत फाइल_शेअर_राइटही द्या. तो प्रोग्रॅम फाइलचं नाव बदलून नवी सुरू करत असेल तर फाइल_शेअर_डिलीटसुद्धा, नाहीतर तुमच्यामुळे त्याचं काम अडेल. मात्र त्यानेच वाचायला मुभा दिली नसेल, तर तुमच्या बाजूने काहीही करा, ३२ राहणार. मग २०० मिलिसेकंद थांबून चार-पाचदा प्रयत्न करा, पण फक्त ३२ला. २ (फाइल सापडत नाही) किंवा ५ (परवानगी नाही) आला तर पुन्हा प्रयत्न करून वेळच जातो.

प्रतिसाद ३:
एररचा मजकूर हवा असेल तर फॉरमॅटमेसेजला (कोडवरून मजकूर देणारं फंक्शन) इग्नोर_इन्सर्ट्स फ्लॅग द्याच. उदाहरणार्थ, एरर १९३च्या मजकुरात %१ (नाव भरायची रिकामी जागा) असतं आणि तिथे घालायला तुम्ही काही दिलेलं नसतं. लॉगमध्ये आकडाही हवा. मजकूर विंडोजच्या भाषेप्रमाणे बदलतो. आणि रजिस्ट्रीची (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्याची) फंक्शनं, उदाहरणार्थ रेगओपनकीएक्स, कोड थेट परत देतात. तिथे गेटलास्टएररवर विसंबू नका.

प्रश्नकर्ता:
३२च निघाला. तिन्ही शेअर फ्लॅग दिल्यावर फाइल वाचता येतेय.