इंग्रजीच्या पेपरात 6 गुण कुठे हरवले होते?

पारिजात:
काल इथे खडूफळा सरांनी लिहिलं, की दहावीच्या इंग्रजीत गुण कमी आले की पालक परीक्षकाच्या नावाने बोटं मोडतात, पण मुलांची वही वर्षभर उघडून बघत नाहीत. सर, मी बघितली आहे. रोज रात्री, स्वयंपाकघर आवरल्यावर. म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

माझी लेक मराठी माध्यमाची, इंग्रजी तृतीय भाषा. लेखीत 80 पैकी 53. निकालाच्या दिवशी ती जेवली नाही. छायाप्रतीसाठी 400 रुपये भरले. व्याकरणाचे प्रश्न, उताऱ्यावरच्या कृती जवळजवळ सगळ्या बरोबर. गुण गेले ते लेखनात: कवितेच्या रसग्रहणाला 5 पैकी 2, सारांशाला 2, पत्राला 2. का गेले? समासात फक्त आकडे. एक शब्द अधोरेखित केलेला नाही.

तिच्या मैत्रिणीनेही छायाप्रत मागवली होती. दोघी शेजारी बसून ताडून बघत होत्या. यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना दोघींची बरोबर. मैत्रिणीचं रसग्रहण गाईडमधलं शब्दन् शब्द पाठ केलेलं, तिला 5 पैकी 5. माझ्या लेकीने कविता का आवडली ते स्वतःच्या मोडक्यातोडक्या वाक्यांत लिहिलं, तिला 2.

मग पुनर्मूल्यांकनाचे आणखी 300 भरले. 6 गुण वाढले. हे 6 गुण आधी कुठे होते, एवढंच मला कळायला हवंय.

खडूफळा:
ताई, वाढले ना? म्हणजे दाद मागायची सोय आहे आणि ती चालते. मी 22 वर्षं शिकवतोय. पेपरांचा गठ्ठा येतो तेव्हा शाळेच्या नववीच्या परीक्षा तोंडावर असतात. रात्री साडेअकराला, डोळे चुरचुरत असताना, "he go to market" एकाच पेपरात सात वेळा वाचून बघा. आणि मी पालकांबद्दल लिहिलं ते अनुभवाने लिहिलं. पालकसभेला चाळीसपैकी सहाजण येतात.

वाशीमकर:
सर, तुमच्या डोळ्यांची चुरचुर मान्य, पण ती लेकराच्या गुणपत्रिकेत का उतरावी? आमच्या वडिलांच्या बॅचचे निम्मे लोक इंग्रजीतच उडाले. ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेच्या वाऱ्या करून करून शेवटी शेतात गेले. पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. त्याआधीचे आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवली, घरी इंग्रजी बोलणारं कुणी नाही. अशा घरातलं पोर पहिल्यांदा स्वतःचं वाक्य लिहितं आणि तुम्ही त्याला 2 देता.

आणि तोंडीच्या 20 गुणांचं कुणी बोलत का नाही? लेखीत चाळणी लावायची आणि तोंडी परीक्षेत शाळांनी 20 पैकी 19 खिरापतीसारखे वाटायचे! आमच्या गावच्या शाळेत तर तोंडी परीक्षा झालीच नाही, गुण मात्र सगळ्यांना मिळाले.

जुना_नियामक:
वाशीमकर, 2019 आठवा. त्या वर्षी भाषांचे तोंडीचे गुण काढून टाकले. राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते 20 गुण परत आणावे लागले. नापास झालेली ती मुलं तुमच्यामाझ्याच गावची होती.

वाशीमकर:
त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, सगळं खापर तोंडीवर फोडू नका. मुलाला बोलता येत नसताना 19 देणं ही दया नाही, फसवणूक आहे. माझा पुतण्या तोंडीत 20 पैकी 20 घेऊन पुण्याला कॉलेजात गेला. पहिल्या दिवशी नाव सांगताना घाम फुटला त्याला.

खडूफळा:
फसवणूक हा शब्द मागे घ्या. पासष्ट मुलांचा वर्ग, एकेकाला तीन मिनिटं बोलतं करायचं म्हटलं तरी सव्वातीन तास जातात. मी ते दरवर्षी करतो. मुलं लाजतात, रडतात, एखादी नुसती "माय नेम इज" म्हणून थांबते. तिला मी 14 देतो, कारण ती उभी राहिली. तुम्ही येऊन घ्या एकदा तोंडी परीक्षा.

वाशीमकर:
तुम्ही घेता, ते चांगलंच आहे. शब्द तुमच्यापुरता मागे घेतो. आमच्या गावच्या शाळेपुरता नाही.

सायली_ठाणे:
अवांतर: 2023 च्या बारावीच्या इंग्रजीत कवितेच्या प्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीच्या सूचनाच छापून आल्या होत्या. 6 गुण द्यावे लागले. माझी भाची त्या परीक्षेला होती, अर्धा तास त्या पानाकडे बघत बसली होती. तिथे चूक छापील होती म्हणून सगळ्यांना दिसली. पारिजातताईंच्या लेकीची एकटीच्या पेपरात होती, म्हणून 700 रुपये मोजावे लागले.

पारिजात:
तोंडीवर सगळे बोलताय, माझा प्रश्न तसाच राहिला. मी 700 भरू शकले. लेकीच्या वर्गात एकीची आई धुणीभांडी करते. तिलाही रसग्रहणाला 2 होते, तिने छायाप्रत मागवलीच नाही. तिचे गुण कुठे शोधायचे?

जुना_नियामक:
मी अनेक वर्षं नियमन केलं. गठ्ठ्यातले काही पेपर आम्ही पुन्हा तपासतो, सगळे नाही. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा यांत फरक पडत नाही. पडतो तो लेखनात. पाठ केलेलं उत्तर ओळखीचं वाटतं, हात आपोआप पूर्ण गुण देतो. स्वतःचं लिहिलेलं वाचायला थांबावं लागतं. थांबायला वेळ नसतो. हे मी नोकरीत असताना बोलायला हवं होतं.

खडूफळा:
ठीक. निदान 5 गुणांच्या प्रश्नात कुठे कापले ते दोन शब्दांत समासात लिहावं, हे मला पटतं. पण सगळा दोष आमच्यावर नको. ताई, ते रसग्रहण इथे टाका. मी आणि नियामक साहेब वेगवेगळे तपासतो.

पारिजात:
फोटो टाकला आहे. अक्षर लेकीचंच आहे, तिला विचारून टाकलाय.

खडूफळा:
मी 3 दिले. मध्यवर्ती कल्पना शेवटी आली आणि क्रियापदांच्या चार चुका.

जुना_नियामक:
मी 4 दिले. चुका दिसल्या, पण कविता तिला कळली आहे. सर, एका गुणाचा फरक राहणारच.

पारिजात:
तुमच्या दोघांत एक गुणाचा फरक. तिला 2 मिळाले होते.