मदत हवी आहे: पाताळपाणी-कालाकुंडची गाडी दिसतच नाहीये

रामबागची_सून
नमस्कार. नाताळच्या सुट्टीत मुलांना इंदूरजवळच्या घाटातल्या गाडीत बसवायचं आहे. दोन दिवस मोबाईल घेऊन बसलेय, पण गाडीच सापडत नाही. बंद झाली का? थोरलीने बालवाडीत सांताक्लॉजची आगगाडी चिकटवली आहे, धुराच्या जागी कापूस लावलाय. तेव्हापासून सकाळी डोळे उघडले की विचारते, "आज जायचं?" लाल टोप्याही आणून ठेवल्यात. लवकर सांगा, जागा संपतील.

महू_नाका
तारीख कुठली? ही गाडी रोज नसते. ठरावीक दिवशीच असते, तेही हंगाम बघून.

रामबागची_सून
२५ तारीख, शुक्रवार.

सराफ्याचा_खवय्या
कालाकुंडला उतरलात की आधी कलाकंद घ्या. पळसाच्या पानात देतात. दाणेदार, बेताचा गोड. माझ्या नातवाने पानसुद्धा चाटून पुसून साफ केलं होतं. घरी न्यायचा असेल तर डबा बरोबर ठेवा.

चोरलचा_भटक्या
गाडीच्या भानगडीत पडूच नका. साडेनऊ किलोमीटरला दोन तास लावते. लहान मुलं कंटाळतात. कार काढा, हवं तिथे थांबा.

दोन_पिल्लांची_आई
साफ चूक. घाटाची मजा गाडीतूनच आहे. दोन तास लागतात कारण मध्ये थांबे आहेत, लोक उतरून फोटो काढतात. आमचा धाकटा पहिल्या बोगद्यात माझा पदर मुठीत धरून बसला होता. दुसऱ्यात ओरडला, तिसऱ्यात टाळ्या वाजवल्या. बोगदा येणार हे मुलांना आधी सांगून ठेवा, एवढंच. तुमची मुलं केवढी आहेत?

रामबागची_सून
मुलगी पाच, मुलगा तीन. सासूबाईही आहेत.

महू_नाका
पाचवं लागलंय की पाच पूर्ण? पाचच्या आतल्याला तिकीट लागत नाही, पण वेगळी सीटही मिळत नाही. पाच पूर्ण असतील तर खुर्चीच्या डब्यात पूर्ण भाडं धरा.

रामबागची_सून
ऑगस्टमध्ये पाच पूर्ण झाली. पण गाडी दिसेल तेव्हा ना!

मीटरगेजवाले_काका
या मार्गाची किंमत मुलांनाही कळू द्या. १८७०च्या सुमारास तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला खंडवा-इंदूर रेल्वेसाठी १ कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. घाटाचा चढ चाळिसाला एक आहे, म्हणजे चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. मीटरगेजवरची, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवरची, ही हेरिटेज गाडी २५ डिसेंबर २०१८ला सुरू झाली. म्हणजे तुम्ही नेमक्या तिच्या वाढदिवशी निघताय. पाताळपाणीला भिल्ल क्रांतिकारक टंट्या मामांच्या स्थानापाशी हात जोडायला विसरू नका.

ग्वाल्हेरचा_पाहुणा
मुलांना गाड्यांची आवड असेल तर कधीतरी आमच्याकडे या. जयविलास पॅलेसमध्ये जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे. माझी भाची तिथून हलायलाच तयार नव्हती.

महू_नाका
चांदीची गाडी राहू द्या. ताई, शोधताना कुठून कुठे टाकताय?

रामबागची_सून
इंदूर ते कालाकुंड. दुसरं काय टाकणार?

महू_नाका
अहो, हेच आधी सांगायचं! ती इंदूरहून सुटतच नाही, महूहूनही नाही. "पाताळपाणी ते कालाकुंड" टाका. स्टेशनपर्यंत आपापल्या गाडीने जायचं, इंदूरहून साधारण ३५ किलोमीटर. सकाळी अकराच्या सुमारास सुटते, म्हणून नऊला घर सोडा.

चोरलचा_भटक्या
म्हणजे कार काढावी लागणारच. मग मी काय वेगळं सांगत होतो?

दोन_पिल्लांची_आई
पाताळपाणीपर्यंत काढायची, दादा. घाट गाडीतूनच.
ताई, विस्टाडोम डब्याच्या मोठ्या काचांचा मोह होईल, पण मुलं लहान असतील तर साधा डबा बरा. वारा लागतो, चाकांचा आवाज येतो. आम्ही गेलो तेव्हा विस्टाडोमला एका फेरीचे २६५ आणि साध्याला २० रुपये होते. खिडकीतून हात बाहेर जाणार नाही एवढं मात्र बघा.

मीटरगेजवाले_काका
सासूबाई बरोबर आहेत ना? मग विस्टाडोमच. थंडीत खिडकीचा वारा वयस्करांना सोसत नाही.

दोन_पिल्लांची_आई
डिसेंबरच्या दुपारी उन्हात कसली थंडी, काका? शाल घेतली की झालं.

महूची_शिक्षिका
डब्यापेक्षा महत्त्वाचं सांगते. पाताळपाणीच्या धबधब्यापाशी दोन्ही मुलांचे हात सोडू नका. २०११मध्ये अचानक लोंढा आला आणि लोक वाहून गेले. डिसेंबरात पाणी कमी असतं, पण खडक आणि दरी तिथेच आहेत. कठड्याच्या अलीकडून बघा. माकडंही फार, मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊ नका.

रामबागची_सून
दिसली!! सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या वारा हवा. साध्या डब्याची तीन तिकिटं काढली, धाकटा मांडीवर. खूप खूप आभार. लेकीने दोन्ही टोप्या उशाशी घेतल्यात.

महू_नाका
परतीचं काढलंत ना? ते वेगळं असतं.

रामबागची_सून
नाही! आत्ता काढते.